सहा व्होल्ट कीं बारा?

हिवाळ्यांतील पहाट. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिशिगन संस्थानांत रात्रभर हिम पडून अंगण, वाट आणि कुंपण हीं सारीं एकरूप झालीं आहेत. गोठ्यांत गुरें चाऱ्यासाठीं हंबरत आहेत आणि चाऱ्याचें कोठार त्या हिमापलीकडे आहे. वाट मोकळी करावयाची म्हणून शेतकरी आपल्या फोर्ड ट्रॅक्टरावर चढतो आणि सुरू करण्याची कळ दाबतो. एंजिन एकदां कण्हतें, अर्धा फेरा घेतें आणि थबकतें. पुन्हां कळ दाबावी, तर नुसता ‘खट्’ असा आवाज. ट्रॅक्टर १९४९ सालचा; आजोबांनीं घेतलेला, बापानें चालविलेला. शेजारी येतो, कंदील धरून पाहतो आणि म्हणतो, “सहा व्होल्टांवर किती दिवस रडत बसणार? बारा करून टाक, म्हणजे सुटशील!”

प्रसंग कल्पनेंतला खरा; परंतु हा सल्ला ज्याच्या कानांवर पडला नाहीं, असा जुन्या ट्रॅक्टराचा धनी त्या देशांत क्वचित्च आढळेल. घरोघरच्या काढ्याप्रमाणें हें औषध तेथें सांगितलें जातें. कोणी तें घेऊन सुखी होतो. कोणाची कॉइल जळते, तर कोणाचें एंजिन चावी काढली तरी बंद होत नाहीं. तेव्हां या औषधाचे गुणदोष पारखण्यापूर्वीं ‘सहा’ हा आंकडा मुळांत आला कोठून, आणि तो जाऊन ‘बारा’ कां आला, हें पाहणें अगत्याचें आहे.

शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल यांची पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं तयार केली. या बॅटरीच्या एका कोठ्याचा विद्युद्दाब सुमारें २ व्होल्ट असतो. कोठा मोठा केला तर विजेचा सांठा वाढतो, दाब वाढत नाहीं. दाब वाढवावयाचा तर कोठ्यांस कोठे जोडावे लागतात. तीन कोठे एकापुढें एक जोडले म्हणजे ६ व्होल्ट, आणि सहा कोठे जोडले म्हणजे १२. सहा आणि बारा या आंकड्यांचें मूळ एवढेंच आहे.

मोटारी निघाल्या तेव्हां एंजिन हातानें दांडा मारून सुरू करावें लागे. दांडा उलट फिरला तर मनगट मोडे. म्हणून अशक्त माणसास मोटार हांकणें दुरापास्तच होतें. ओहायओ संस्थानांतील डेटन शहरीं राहणाऱ्या चार्ल्स केटरिंग या कल्पक गृहस्थानें विजेच्या मोटरीनें एंजिन फिरविण्याची युक्ति काढली, आणि ती कॅडिलॅक कारखान्यानें आपल्या १९१२ सालच्या मोटारींवर बसविली. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, या पहिल्या योजनेंत एंजिन फिरविण्यापुरता दाब २४ व्होल्टांचा होता आणि दिव्यांसाठीं ६ व्होल्टांचा. म्हणजे जड कामास चढा दाब हवा, हें आरंभींच ओळखलें गेलें होतें. परंतु दोन दाबांची ती गुंतागुंत टिकली नाहीं. त्या काळचीं एंजिनें मंद दाबाचीं, दिवे दोन-चार. त्यांस तीन कोठ्यांची स्वस्त व आटोपशीर बॅटरी पुरेशी होई. अशा रीतीनें बहुतेक अमेरिकन मोटारींत ६ व्होल्टांची वहिवाट पडली.

ट्रॅक्टराच्या वांट्यास मात्र हें सुख उशिरां आलें. हेन्री फोर्डच्या कारखान्यांतून १९१७ सालीं निघालेला ‘फोर्डसन’ ट्रॅक्टर दांडा मारूनच सुरू करावा लागे. ही स्थिति पालटण्यास एक प्रसिद्ध भेट कारणीभूत झाली. उत्तर आयर्लंडांतील हॅरी फर्ग्यूसन यानें नांगर ट्रॅक्टरामागें नुसता ओढत न नेतां तीन दुव्यांनीं ट्रॅक्टरासच जोडण्याची आणि तेलाच्या दाबानें उचलण्याची योजना सिद्ध केली होती. महाराष्ट्रांतील शेतकरी आज ट्रॅक्टरामागचा नांगर ज्या तीन दुव्यांवर उचलतो, त्यांचा उगम हाच. फर्ग्यूसननें १९३८ च्या ऑक्टोबरांत मिशिगनमधील डिअरबॉर्न येथें हेन्री फोर्डच्या वाडीवर या योजनेचें प्रात्यक्षिक दाखविलें आणि दोघांनीं केवळ हातांत हात देऊन करार केला. कागद नाहीं, साक्षीदारांच्या सह्या नाहींत. त्यांतून १९३९ च्या जूनमध्यें ‘फोर्ड ९ एन’ हा ट्रॅक्टर बाहेर पडला. किंमत ५८५ डॉलर.

या लहानशा करड्या ट्रॅक्टरावर विजेची कळ ही चैनीची वस्तु नव्हती. ती मूळ किंमतींतच मिळे. तीन कोठ्यांची ६ व्होल्ट बॅटरी, ती भरण्यासाठीं पट्ट्यावर फिरणारा डायनामो, ठिणगीसाठीं कॉइल, आणि एंजिन फिरविण्यासाठीं मोटर, एवढाच काय तो विजेचा संसार. बॅटरीचें धन टोक ट्रॅक्टराच्या लोखंडी अंगास जोडलेलें असे. म्हणजे परतीच्या तारेचें काम तें अंगच करी. या धनभूमि-पद्धतीचा उल्लेख येथें मुद्दाम केला आहे, कारण पुढें तिनें पुष्कळांस चकविलें आहे.

या साध्या सोयीचें मोल शेतकऱ्यांस दुसऱ्या महायुद्धानें शिकविलें. तांबें आणि रबर यांचा तुटवडा पडल्यामुळें १९४२ सालीं निघालेल्या ‘२ एन’ ट्रॅक्टरांपैकीं बरेच लोखंडी चाकांचे निघाले. त्यांवर बॅटरी नव्हती, डायनामो नव्हता, मोटर नव्हती. ठिणगी देण्यास मॅग्नेटो आणि एंजिन फिरविण्यास पुन्हां तोच दांडा! तरणींताठीं माणसें रणांगणावर गेलेलीं, आणि शेतावर उरलेल्या वृद्धांच्या व स्त्रियांच्या हातीं दांडा आलेला. टंचाई ओसरतांच कारखान्यानें विजेची सामुग्री पुन्हां बसविली. ज्यांनीं ते दिवस काढले, त्यांस तीन कोठ्यांच्या बॅटरीस दुबळी म्हणण्याचें कधीं सुचलें नसेल.

युद्धानंतर फोर्ड आणि फर्ग्यूसन यांचें बिनसलें. फोर्ड कारखान्यानें १९४७ सालीं फर्ग्यूसनला वगळून ‘८ एन’ हा ट्रॅक्टर काढला. फर्ग्यूसननें कज्जा केला, आणि १९५२ सालीं ९२ लक्ष ५० हजार डॉलर घेऊन तो मिटविला. तोंडी करारांतून जन्मलेला ट्रॅक्टर शेवटीं न्यायालयाच्या कागदांत गुरफटला! तथापि ‘८ एन’ लोकांस मानवला. १९५२ पर्यंत असे पांच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले, आणि तेही सहा व्होल्टांचेच होते. त्यांतील पुष्कळ आजही शेतावर राबत आहेत. सहाचे बारा करण्याचा प्रश्न आज इतक्या शेतांवर उभा राहतो, त्याचें कारण हेंच.

इकडे मोटारींचें जग पालटलें. युद्धोत्तर काळांत एंजिनें मोठीं व चढ्या दाबाचीं झालीं. तीं फिरविण्यास बळ अधिक लागूं लागलें. शिवाय रेडिओ, उष्ण हवेचा पंखा, विजेवर चढणाऱ्या कांचा अशीं नवीं तोंडें खावयास बसलीं. जनरल मोटर्सच्या कांहीं मोटारी १९५३ सालीं १२ व्होल्टांवर गेल्या. १९५५ मध्यें शेव्हरोलेट गेली आणि १९५६ मध्यें फोर्ड. मोटारींमागोमाग बाजारही गेला. सहा व्होल्टांचे दिवे, बॅटऱ्या आणि बॅटरी भरण्याचीं यंत्रें दुकानांच्या मागील फळीवर सरकलीं. नात्यागोत्याचीं घरें गांव सोडून जावींत आणि एक म्हातारा मागें राहावा, तशी जुन्या ट्रॅक्टरांची गत झाली.

आतां त्या स्थलांतरामागील गणित पाहूं. पाण्याच्या टांकीची उंची म्हणजे व्होल्ट, नळांतून वाहणारें पाणी म्हणजे अँपिअर, आणि नळाचा अरुंदपणा म्हणजे रोध, असें समजावें. उंची आणि वाहणारें पाणी यांच्या गुणाकारानें काम होतें. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. एवढें काम ६ व्होल्टांवर करून घ्यावयाचें तर सुमारें १२४ अँपिअर प्रवाह लागतो; १२ व्होल्टांवर ६२ पुरतात. बॅटरीपासून मोटरीपर्यंतच्या तारांत व सांध्यांत मिळून अवघा एक शतांश ओहम रोध आहे असें धरलें, तर जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें १८२७ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें पहिल्या पद्धतींत वाटेंतच सुमारें सव्वा व्होल्ट गळून जातो. सहांतून सव्वा गेला म्हणजे पांचवा हिस्सा गेला. दुसऱ्या पद्धतींत पाऊण व्होल्टाहूनही कमीच जातो आणि तोही बारांतून, म्हणजे जेमतेम विसावा हिस्सा. सारांश, दाब दुप्पट केला म्हणजे तोट्याचें प्रमाण चौथाईवर येतें. त्यांत थंडीनें तेल घट्ट होतें, आणि शून्याखालीं १८ अंश सेंटिग्रेडला शिशाच्या बॅटरीची ताकद निम्म्याहूनही कमी उरते. अशा पहाटे पांचवा हिस्सा आणि विसावा हिस्सा यांतील अंतर म्हणजे गुरांस चारा मिळणें आणि न मिळणें, यांतील अंतर होय.

तेव्हां शेजाऱ्याच्या सल्ल्यांत तथ्य आहे. परंतु ‘बॅटरी बदलली कीं झालें’ अशी जी समजूत पसरली आहे, ती घातक आहे. विजेच्या संसारांत एक आंकडा बदलला कीं प्रत्येक घटकास त्याचा जाब द्यावा लागतो. आणि प्रत्येकाचें उत्तर निराळें असतें.

सुरू करणारी मोटर आश्चर्य वाटावें इतकी सोशिक आहे. सहा व्होल्टांची जुनी मोटर बारांवर खुशाल चालते. ती वेगानें फिरते, आणि दाबाचीं टोकें उलटीं जोडलीं तरी तिची दिशा बदलत नाहीं. कारण तिच्या आंतील दोन्ही वेटोळ्यांतील प्रवाह एकदमच उलटतो. मात्र तिचें दांतेरी चाक एंजिनाच्या मोठ्या चाकावर अधिक जोरानें आदळतें. म्हणून कळ क्षणभरच दाबावी; दाबून धरूं नये.

दिवे असे सोशिक नाहींत. ते बदललेच पाहिजेत, नाहींतर पहिल्याच झगमगाटांत त्यांचा अंत होतो. प्रवाह दाखविणारा मापक मात्र तसाच राहूं शकतो. त्यास व्होल्टांशीं कर्तव्य नाहीं, तो अँपिअर मोजतो. या ट्रॅक्टरांवरील मूळ मापकाच्या पाठीमागील कडींतून तार नुसती ओवलेली असते. तिची दिशा चुकली तर कांटा उलट सांगतो, एवढेंच.

खरी नाजूक वस्तु म्हणजे कॉइल. सहा व्होल्टांसाठीं बांधलेल्या कॉइलवर बारा सोडले, तर प्रवाह दुप्पट आणि उष्णता चौपट होते. ती तापते, तडकते, आणि ठिणगी जुळविणारे स्पर्शबिंदु जळून जातात. यास उपाय दोन: बाराची कॉइल घालावी, किंवा वाटेंत योग्य रोध घालून प्रवाह मूळ मापावर आणावा. कारखान्यानें मूळचाच एक रोध मापकपट्टीमागें बसविलेला असतो. तो काढून टाकणें ही सर्वसाधारण चूक आहे. १९५० पर्यंतच्या ‘८ एन’ ट्रॅक्टरांत कॉइल एंजिनाच्या पुढच्या तोंडाशीं, पंख्याच्या मागें अडचणींत बसविलेली आहे. तेथवर हात पोंचत नाहीं म्हणून पुष्कळजण ती तशीच ठेवतात, आणि भर नांगरणींत ट्रॅक्टर बंद पडला म्हणजे दोष बाराला देतात.

उरला डायनामो. तो सहाचा असल्यामुळें बाराची बॅटरी भरूं शकत नाहीं. त्याच्या जागीं दुसरें जनित्र आणावें लागतें. येथें बहुतेकजण आल्टर्नेटरचा आश्रय घेतात. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर क्रायस्लर कारखान्यानें १९६० सालच्या व्हॅलिअंट मोटारीवर आल्टर्नेटर बसविला. पुढें १९७० नंतरच्या दशकांत जनरल मोटर्सच्या मोटारींवर दाबाचें नियंत्रण पोटांतच असलेला आल्टर्नेटर आला, आणि तोच जुन्या ट्रॅक्टरांच्या धन्यांचा आवडता झाला. एंजिन मंद चालत असतांही तो बॅटरी भरतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्याची घडण ऋणभूमीची. ट्रॅक्टर पडला धनभूमीचा. म्हणजे बॅटरीचीं टोकें उलटून जोडलीं पाहिजेत. हें विसरून कोणीं जुन्या संवयीनें धन टोक अंगास जोडलें, तर आल्टर्नेटरांतील डायोड तत्क्षणीं जळतात. दुसरा एक चमत्कार असा होतो कीं, आल्टर्नेटरला जागें करणाऱ्या तारेंतून वीज उलट वाहून कॉइलला मिळत राहते, आणि चावी फिरवली तरी एंजिन थांबतच नाहीं. त्या तारेंत एक डायोड किंवा लहानसा दिवा ओवला म्हणजे हें भूत उतरतें.

येथपर्यंतची हकीकत ऐकून बाराचा पक्ष सिद्ध झाला असें वाटेल. पण सहाच्या बाजूनें बोलणारे जाणते कारागीरही आहेत, आणि त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. हा ट्रॅक्टर १९४९ सालीं याच मिशिगनांत, याच थंडींत, याच सहा व्होल्टांवर सुरू होत होता. मग आतांच त्यास काय झालें?

उत्तर शोधूं गेलें तर तें बहुधा बॅटरींत सांपडत नाहीं, तारांत सांपडतें. सहा व्होल्टांस प्रवाह दुप्पट लागतो, म्हणून कारखान्यानें तारा जाड घातल्या होत्या. त्या कुजल्यावर धन्यानें बाजारांतून तयार तारा आणल्या; आणि बाजारांतल्या तारा बाराच्या मोटारींसाठीं, म्हणून बारीक. अमेरिकन मापाच्या दोन-शून्य क्रमांकाच्या तारेंत सहा क्रमांकाच्या तारेच्या पांचपट तांबें असतें. जाड तार जाऊन बारीक आली, म्हणजे पाटाच्या जागीं नळी आली. त्यांत भर म्हणून अंगाशीं जोडलेला सांधा रंगावर आणि गंजावर बसविलेला, बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी, आणि मोटरींतील कार्बनचे तुकडे झिजलेले. एक शतांश ओहमाचे दोन-तीन शतांश केव्हां झाले, हें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. मराठींत म्हण आहे, ‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’. दोष सांध्यांत, आणि शिक्षा मात्र व्होल्टांस!

बारा केल्यानें असा ट्रॅक्टर सुरू होतो हें खरें. पण तो बरा झालेला नसतो. दुप्पट दाबानें सांध्यांतील गंज झांकला जातो, नाहींसा होत नाहीं. शिवाय साठ-सत्तर वर्षांच्या जुन्या तारांवरील सुताचें व रबराचें वेष्टण भुगा झालेलें असतें. तशा तारा लोखंडास टेकल्या तर पेट्रोलच्या टांकीखालीं ठिणगी पडते. आणि बाराची ठिणगी सहाच्या ठिणगीहून दांडगी असते. अशा ठिकाणीं बचत करणारा मनुष्य ट्रॅक्टरच नव्हे, तर कोठारही पणास लावतो. म्हणून सहा ठेवा वा बारा करा. तारा नव्या घालणें, सांधे घासून लखलखीत करणें आणि अंगाशीं धातूस धातु भिडविणें, हें पहिलें कर्म दोघांसही चुकत नाहीं. तें केल्यावर पुष्कळ ट्रॅक्टर सहावरच असे सुरू होतात कीं, बाराची गोष्ट पुन्हां निघतच नाहीं.

मग निवाडा काय? जो ट्रॅक्टर रोज राबतो, ज्यास रात्रीं चांगले दिवे हवेत, औषध फवारण्याचा विजेचा पंप चालवावयाचा आहे, आणि अडल्या वेळीं ज्यास शेजारच्या बारा व्होल्टांच्या मोटारीचा हात घ्यावा लागतो, त्यानें रीतसर बारा करून घ्यावें. त्यांत कमीपणा नाहीं. मोटारींच्या कारखान्यांनींही तेंच केलें, आणि त्याच गणितानें त्यांतील कांहीं आज ४८ व्होल्टांकडे वळूं लागले आहेत. परंतु जो ट्रॅक्टर केवळ एका काळाची साक्ष म्हणून जतन करावयाचा आहे, त्याचे तीन कोठे तसेच राहूं द्यावे. तांब्याच्या दुष्काळांत ज्या सोयीसाठीं शेतकरी तळमळले, ती सोय कशी होती, हें पुढच्या पिढीस त्या तीन कोठ्यांवांचून कळणार नाहीं.

बारा करणाऱ्यानें मात्र दोन गोष्टी अवश्य कराव्या. काढलेला डायनामो, कॉइल आणि नियंत्रक पुसून, तेल लावून पेटींत ठेवावे. भंगारांत घालूं नयेत. आणि बॅटरीजवळ पत्र्याची एक पट्टी ठोकून तिजवर स्पष्ट लिहावें: ‘१२ व्होल्ट, ऋणभूमि’, आणि खालीं बदल केल्याचें साल. फोर्ड आणि फर्ग्यूसन यांनीं कागदावर कांहींच न लिहितां करार केला आणि त्याची किंमत पुढें न्यायालयांत मोजावी लागली. ट्रॅक्टर घरांत तीन पिढ्या राहतो; पण तो बदलणाऱ्याची आठवण एक पिढीही पुरत नाहीं. पन्नास वर्षांनीं कोणी नातू अशाच एखाद्या हिमाच्या पहाटे बॅटरीच्या तारा हातांत घेऊन उभा राहील, तेव्हां कोणतें टोक कोठें जोडावयाचें, हें त्यास त्या पत्र्यावर वाचतां यावें.